दुसरा काठ

बाल्कनीलगतचा नीलमोहर परत फुलला आणि माझं डोकं परत फिरलं. लोकांना फुलं बघून बरं वाटतं. आमच्या जे. पी. नगरच्या गल्लीत सकाळी फिरायला निघालेली माणसं झाडाखाली थांबतात, मोबाइल वर धरतात, गाड्यांच्या टपांवर पडलेल्या जांभळ्या सड्याचे फोटो काढतात. मी दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत चहाचा कप घेऊन उभी असते आणि मला त्या झाडाचा राग येतो. एक अख्खा मोसम हे झाड माझ्या वडिलांपासून आठ हातांवर फुललेलं होतं आणि त्यांना ते एकदाही दिसलं नव्हतं. झाडाची यात काही चूक नाही, हे मला कळतं. तरी राग येतो.

त्यात काल गॅलरीतून फोन आला. इंदिरानगरच्या ज्या गॅलरीत माझी चित्रं लागतात तिथल्या बाई मूळच्या पुण्याच्या. माझ्याशी मराठीत बोलतात, म्हणजे क्रियापदं मराठी असतात. "सुमनताई, तुमची ती हाफ-व्हाइट सीरीज आपण परत लावतोय. ब्रेन, परसेप्शन, लँडस्केप अशी थीम आहे. तुम्ही फक्त एक छोटी नोट लिहून द्या ना. त्या रिकामेपणाबद्दल." मी म्हटलं, बघते. दुपारभर कागद पुढे ओढून बसले. एक ओळ उतरेल तर शपथ. त्या रिकामेपणाबद्दल खरं लिहायचं तर एवढंच लिहावं लागेल की तो खोटा आहे, आणि असं कुणी चित्राखाली लावत नाही.

ती चित्रं काढली त्या वर्षी संक्रांत होऊन गेली आणि अण्णांना झटका आला. अण्णा म्हणजे माझे वडील. बंगळूरच्या आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांत वडिलांना अण्णाच म्हणतात. चार पिढ्यांपूर्वी इथे आलो तेव्हा भाषा बरोबर आणली, मग ती इथलं पाणी प्यायली. चिकपेटेत आमचं साड्यांचं दुकान. अण्णा तिथे उभा जन्म पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसले. एका झटक्यात साडी उलगडून पदर गिऱ्हाइकाच्या गुडघ्यापाशी आणून टाकायचे आणि वर बघायचेही नाहीत. रंगांची नावं मी कलाशाळेत शिकले नाही, त्या गादीच्या कडेला बसून शिकले. डाळिंबी, अबोली, गुलबक्षी, शेवाळी, चिंतामणी. शाळेत मास्तरांनी जांभळा म्हटलं की मी विचारायची, कुठला जांभळा? मार खाल्ला आहे त्यापायी.

दरवर्षी फेब्रुवारी सरता सरता नीलमोहराचं पहिलं फूल अण्णाच जाहीर करायचे. बाल्कनीतून हाक यायची, "सुमे, आलं ग तुझं गिऱ्हाईक." आणि दरवर्षी रंगावरून आमची जुंपायची. मी म्हणायची, निळ्याकडे झुकणारा चिंतामणी. ते म्हणायचे, "छे, चिंतामणी इतका पातळ नसतो. चिंतामणीत स्वल्प दूध घाल, मग हा." आई होती तेव्हा ती दोघांनाही आत बोलवायची, चहा निवतोय म्हणून. ती गेल्यावर आमचे चहा निवायला लागले, भांडण मात्र चालू राहिलं.

आठ दिवसांनी अण्णा दवाखान्यातून घरी आले. काठी टेकत चालत होते, बोलणं स्वच्छ, आठवण शाबूत. सुटलो असं वाटलं. मग एकेक लक्षात यायला लागलं. दाढी केली ती फक्त उजव्या गालाची. सदऱ्याची उजवी बाही चढवली आणि डावी तशीच पाठीवर लोंबत ठेवून बाहेर आले. पेपर घेतला आणि प्रत्येक ओळ मधूनच वाचत वरून पेपरवाल्यांनाच शिव्या, की यांना सरळ लिहिता येत नाही. डावीकडचं जग होतं तिथेच होतं. अण्णांपुरतं ते उठून गेलं होतं.

जेवणाच्या पानावर तर रोजचा तमाशा. पान वाढायची आमच्या घरची रीत चारचौघांसारखी: डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी, मधे भात. अण्णा भाताचा उजवा अर्धा भाग सुरीनं कापल्यासारखा संपवायचे आणि म्हणायचे, "सगळं अळणी. चटणी वाटायचं सोडलंस की काय?" चटणी त्यांच्या करंगळीपासून वीतभर अंतरावर होती. मी म्हणायची, "अण्णा, डावीकडे बघा." ते म्हणायचे, "बघितलं की." मान हलायची नाही. एक दिवस चिडून मी वाढतानाच ताट अर्धं फिरवलं. चटणी, कोशिंबीर, तिकडचा भात, सगळं आनंदानं खाल्लं आणि मग विचारलं, "आज भाजी नाही केलीस?" मी ओरडले. ते कसनुसे झाले. "ओरडतेस कशाला? नाही तर नाही." मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला पाठ लावून उभी राहिले. ज्या माणसानं मला कधी चढ्या आवाजात हाक मारली नव्हती त्याच्यावर मी चटणीवरून ओरडले होते.

पल्लवी व्यायाम करून घ्यायला यायची. नागपूरची मुलगी, इथे येऊन तिसरं वर्ष चालू होतं. तिनं मला समोर बसवून सांगितलं, "ताई, डोळे एकदम ओके आहेत त्यांचे. मेंदूच लेफ्टचं घेऊन नाही राहिला. उजव्या साइडला मार लागला ना, म्हणून." मग तिनं नियम घालून दिला. "तुम्ही लेफ्टलाच बसायचं. बोलायचं लेफ्टनं, चहा द्यायचा लेफ्टनं. राइटला बसाल तर त्यांना आरामच होईल, मग वळतील कशाला?" पेपरच्या डाव्या कडेला तिनं लाल चिकटपट्टी लावली. लाल दिसेपर्यंत मागे जायचं, मगच ओळ सुरू करायची. ती असेपर्यंत अण्णा शहाण्या मुलासारखे लाल शोधायचे. ती लिफ्टमध्ये शिरली की लाल गायब. रंगाची अशी अवहेलना मी जन्मात पाहिली नव्हती.

तर नियमाप्रमाणे मी बाल्कनीत अण्णांच्या डाव्या बाजूला खुर्ची टाकली. फेब्रुवारीचा शेवट, ऊन तापायला लागलेलं, खालून येळनीरवाल्याची, म्हणजे शहाळीवाल्याची, हाक, आणि माझ्या पलीकडे, कठड्याला लागून, ते झाड. पहिलं फूल त्या वर्षी मी पाहिलं. अण्णा उजवीकडे बघत बसलेले. उजवीकडे शेजाऱ्यांची पाण्याची टाकी होती. मी बोलायला लागले की ते त्या टाकीच्या दिशेनं मला शोधायचे. "सुमे, कुठून बोलतेस ग? आतून?" मी म्हणायची, "इथे आहे अण्णा, तुमच्याशेजारी." ते थोडा वेळ टाकीकडे बघायचे आणि समजुतीच्या सुरात म्हणायचे, "इथे कुणी नाही." हात हातात घेतला तर तो हात त्यांचा डावा, तोही त्यांच्या हिशेबी नव्हता. मला त्या मोसमात दुसरं काही नको होतं. चटणी नको, दाढी नको, झाडही नको. अण्णांनी मान वळवावी आणि मी त्यांना दिसावी, इतकंच. रोज त्या खुर्चीत बसायची आणि रोज नसायची.

"यंदा झाडानं मनावर घेतलेलं दिसत नाही," एकदा ते म्हणाले. त्या वेळी त्यांच्या डाव्या खांद्यावर एक फूल पडलेलं होतं. मी ते उचलून त्यांच्या उजव्या हातात दिलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "कुठून आणलंस?"

डॉक्टरांनी अण्णांच्या मेंदूचं चित्र उजेडाच्या काचेवर लावून दाखवलं होतं तेव्हा मला विमानातून दिसणारा मुलूख आठवला. ओढे, बांध, आणि एका बाजूला जिथे पाणी असायला हवं तिथे नुसता एक गडद डाग. डॉक्टर काय सांगत होते ते अर्धं डोक्यावरून गेलं. मी ती वळणं पाठ करत होते. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण खरी आहे. वीसेक वर्षं मी या शहराचे तलाव आणि खडक रंगवते आहे. आधी तलावासारखे तलाव काढायची, मग नुसते थर राहिले, खरवडलेले, पुसलेले. लोक विचारतात, यात तलाव कुठे आहे? मी म्हणते, शहरात तरी कुठे आहे? आता वडिलांच्या डोक्यातच एक प्रदेश दिसला आणि मी घरी येऊन कॅनव्हास ताणायला घेतला.

दुपारी अण्णा झोपले की मी मागच्या खोलीत रंगवायची. उजवी बाजू दाट: दूध घातलेला चिंतामणी, कातळाचा करडा, गाळाचा तपकिरी, थरावर थर, मग पात्यानं ओरखडे. डावी बाजू कोरी. बोटाचा ठसाही नाही. मधली रेघ सरळ, ताटातल्या भाताच्या रेघेसारखी. अशी सात चित्रं झाली. हात इतका खात्रीनं कधी चालला नव्हता. मला वाटत होतं, अण्णांना दिसतं ते मी रंगवते आहे. मुलीनं बापाच्या डोळ्यांत शिरून पाहिलं, वगैरे वगैरे. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटत होते.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सातवं चित्र ओलं असतानाच मी ते अण्णांसमोर आणून ठेवलं. ते बराच वेळ बघत राहिले. कापड पारखताना करायचे तसे डोळे बारीक केले. कुठेतरी आशा होती की ते म्हणतील, हो ग, असंच आहे.

"छान भरलंयस," ते म्हणाले. "पण स्वल्प दाटी झाली. कुठेतरी मोकळं सोडायचं."

मला आधी कळलंच नाही. दोन हात रुंद पांढरं फटक पडलेलं समोर, आणि हे म्हणतात मोकळं सोड. मग चिडून मी माझ्या सवयीनं चित्र उलटं केलं. आम्ही चित्रकार करतो तसं. खालची बाजू वर केली की कुठे जड झालंय, कुठे हलकं, ते कळतं. आता रंग डावीकडे गेला आणि कोरी बाजू उजवीकडे आली. अण्णा पाहत राहिले. मग माझी कीव आल्यासारखे म्हणाले, "हे अजून कोरंच आहे की. सरी, सरी, असू दे. उद्या काढ. घाई काय आहे?"

मी चित्र भिंतीला तोंड करून ठेवलं आणि जमिनीवर बसले. ताट फिरवल्यावर जे मला कळायला हवं होतं ते मी महिनाभर राबून, सात कॅनव्हास खर्ची घालून समजून घेतलं. त्यांच्या डावीकडे रिकामी जागा नव्हतीच. रिकामी जागा दिसायला डावी बाजू असावी लागते. आत्ता माझ्या पाठीमागे मला काय दिसतं? काळोख दिसत नाही, पांढरं दिसत नाही. काहीच नाही, आणि ते नसणं मला एवढ्या आयुष्यात कधी खुपलेलं नाही. अण्णांचं जग अख्खं होतं. ताट भरलेलं, चित्र भरलेलं, फक्त चटणी राहिली म्हणून तक्रार. कोरं होतं ते माझ्या बाजूला. मला वाटत असलेली भीती मी पांढरी रंगवली होती आणि तिला अण्णांची नजर म्हणत होते.

आणि नसलेलं, आणि नसल्याचं ठाऊकही नसलेलं, रंगवायचं कसं? मला आजही माहीत नाही. कितीतरी कॅनव्हास मी त्यावर फुकट घालवले. जे काढावं ते दिसतं, हीच मोठी अडचण आहे चित्राची.

गॅलरीच्या बाईंनी ती सात चित्रं भिंतीकडची सुलटी करून पाहिली आणि हात छातीवर ठेवला. "सुमनताई, हे व्हाइट… इट्स सो पेनफुल." मी म्हणायला हवं होतं की ही चुकलेली चित्रं आहेत, नेऊ नका. म्हटलं नाही. पावसाळ्यात प्रदर्शन लागलं. एक तरुण मुलगा डोळे पुसत माझ्याकडे आला, म्हणाला, त्याच्या आजोबांना असंच झालं होतं, आणि त्यांना कसं दिसत असेल ते त्याला आज कळलं. मी म्हटलं, "थँक यू." त्या दोन शब्दांनी मला जितकं छळलंय तितकं कुठल्या टीकेनं नाही.

त्यानंतर मी काढलेली चित्रं वेगळी आहेत. कॅनव्हास भरलेला, कोरं कुठेच नाही, आणि डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक काठ. डाळिंबी, तीन बोटं रुंद. बाईंना ती पसंत नाहीत. "थोडं डेकोरेटिव होतंय ना? टेक्स्टाइल-टेक्स्टाइल वाटतंय." पाच आहेत, मागच्या खोलीत कपाटाच्या आड उभी. अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांनी ती पाहिली नाहीत, म्हणजे मी त्यांना दाखवली नाहीत. एकदा पोळल्यावर मला धीर झाला नाही.

आज सकाळी मी बाईंना फोन केला. म्हटलं, ती सात चित्रं मी देणार नाही. त्यांतलं पांढरं खोटं आहे. हवी तर काठाची घ्या. बाई म्हणाल्या, बघते. काठ कशाला, असं त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. इथे सांगते.

तो एप्रिल होता. नीलमोहर ओसरत चाललेला. गल्ली झाडून झाडून झाडूवाली अक्का वैतागलेली. अण्णांचे हात शिवशिवत होते म्हणून माझ्या चुलतभावानं दुकानातून एक साडी पाठवली. दूध घातलेला चिंतामणी अंग, दोन्हीकडे डाळिंबी काठ. अण्णांनी ती मांडीवर घेतली, उलगडली, उजव्या हातानं पोत पाहिला, आणि त्यांचा चेहरा किती दिवसांनी दुकानातल्यासारखा झाला. मी नेहमीच्या खुर्चीत, डावीकडे. साडीचा पन्हा, तिची सगळी रुंदी, त्यांच्या मांडीवरून ओघळून माझ्या मांडीवर आला होता.

मग घडी घालायची वेळ आली. मोडलेली घडी तशीच ठेवून उठायचं नाही, ही त्यांच्या गादीवरची शिस्त. घडी म्हणजे काठाला काठ लावायचा. उजवा काठ त्यांनी गुडघ्याखाली दाबून धरला आणि हात पुढे नेला. दुसरा काठ लागेना. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"दुसरा काठ कुठाय?" ते म्हणाले.

मी तोंड उघडलं, डावीकडे म्हणायला, आणि मिटलं. म्हणून काय होणार होतं? पण एका काठाची साडी अण्णांनी जन्मात पाहिली नव्हती. पेपरला कड नसली तरी चालत होतं, जगाला बाजू नसली तरी चालत होतं. साडीला दुसरा काठ नाही हे त्यांना मान्य होईना. ते पुटपुटत हातानं कापड चाचपत निघाले. वीतभर. आणखी वीतभर. हाताच्या मागे डोळे आले आणि डोळ्यांच्या मागे, अगदी सावकाश, मान. त्यांच्या मांडीवरून, खुर्चीच्या हातावरून, माझ्या गुडघ्यावर. त्यांची बोटं डाळिंबी काठाला लागली. त्यांनी तो चिमटीत धरला, मग तो कुणाच्या मांडीवर आहे ते पाहिलं, मग वर पाहिलं.

"सुमे," ते म्हणाले, "तू कधी आलीस?"

दोन महिने मी त्या खुर्चीत होते.

"आत्ताच, अण्णा."

"मग धर की. नुसती बसलीस काय?" त्यांनी काठ माझ्या हातात दिला. मी तो धरला. ते आपला काठ बघायला उजवीकडे वळले, गुडघ्याखालून सोडवून त्यांनी तो सारखा केला, झटकला, आणि टाकीच्या दिशेनं मोठ्यानं हाक मारली, "सुमे! अगं कुठे आहेस? ये बघू साडी धरायला."

"आले, अण्णा," मी म्हटलं, आणि काठ तसाच धरून बसून राहिले.